पावसात वेगमर्यादेच्या बोर्डावरचा आकडा बदलायला नको का?

मोपा-मडगाव टॅक्सी

नमस्कार मंडळी. मी पेडणे तालुक्यातला, मोपा विमानतळावर टॅक्सी चालवतो. भाडी जास्त करून दक्षिण गोव्याची मिळतात. त्यामुळे धारगळ, कोलवाळ, म्हापसा, पर्वरी, बांबोळी, आगशी, कुठ्ठाळी, वेर्णा करत मडगावपर्यंतचा हायवे दिवसातून एकदा तरी होतोच. एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे, तो इथल्या जाणकारांना विचारायचा आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

गेल्या जुलैतली गोष्ट. दुपारचे साडेतीन वाजले असतील. नवरा-बायको, आजी आणि सहा-सात वर्षांचा मुलगा असं भाडं होतं. विमानतळाचा जोडरस्ता संपेपर्यंत नुसतं भुरभुरत होतं. धारगळला हायवेला लागलो आणि पाऊस असा कोसळला की वायपर फुल स्पीडला टाकूनही बॉनेटच्या पुढचं धड दिसेना. मी गाडी पन्नासवर आणली. पुढे बसलेले गृहस्थ म्हणाले, "भाऊ, आता बोर्ड गेला त्यावर ऐंशी लिहिलंय. रस्ता एवढा रुंद, मोकळा. पन्नासने का चालवताय?" रागाने नाही, सहज विचारलं. पण मला उत्तर देता येईना. बोर्ड ऐंशीच म्हणत होता. भाडं नाराज झालेलं कोणाला हवं असतं? मी सत्तरपर्यंत नेली. न्यायला नको होती, हे तेव्हाही कळत होतं.

कोलवाळच्या पुलाकडे उतरताना डोंगर कापलेल्या बाजूने तांबडं पाणी रस्त्यावर येतं, सोबत माती आणि बारीक खडी. त्या पाण्यावर गाडी चढली आणि टायरचा आवाज बंद झाला. हे जरा नीट सांगतो, कारण ज्याच्यावर हा प्रसंग आलेला नाही त्याला ते कळत नाही. पावसात टायरखालून सतत एक सळसळ ऐकू येत असते. ती एकदम थांबते. स्टिअरिंग हातात हलकं लागतं, गाडी जॅकवर असताना फिरवलं तर लागतं तसं. इंजिनाचा आवाज उगाच चढतो. मी ब्रेकला पाय लावला नाही, अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि स्टिअरिंग सरळ धरून राहिलो. डावीकडच्या लेनमध्ये चिऱ्यांनी भरलेला ट्रक होता. दोन सेकंद, फार तर तीन. मग टायर पुन्हा रस्त्याला टेकले, गाडीने एक हिसका घेतला आणि ती मार्गी लागली. मुलगा मागे झोपलेलाच होता. आजींनी त्याच्या छातीवर हात ठेवला, तो म्हापसा येईपर्यंत काढला नाही.

त्यानंतर गृहस्थांनी काही विचारलं नाही. पण त्यांचा पहिला प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

मी २०११ ते २०२१ अबुधाबीला कामगारांची बस चालवायचो, मुसाफ्फाच्या कॅम्पवरून. तिथे पाऊस नावालाच, पण हिवाळ्यात पहाटे धुकं उतरतं ते असं की आपल्याच गाडीचं नाक दिसत नाही. मार्च २००८ मध्ये अबुधाबी-दुबई रस्त्यावर घंतूतजवळ दोनशेच्या आसपास गाड्या धुक्यात एकमेकांवर आदळल्या होत्या. जुने ड्रायव्हर अजून तो दिवस सांगायचे. माझ्या शेवटच्या दिवसांत तिथे धुकं पडलं की रस्त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर आकडा बदलून ८० व्हायचा. एरवी त्याच रस्त्यांवर १२०, १४० चालायचं. ट्रक आणि कामगारांच्या बसेसना तर धुक्यात रस्त्यावर यायलाच बंदी. आम्ही कॅम्पच्या फाटकात बस लावून बसायचो. साइटवरून फोरमनचा फोन यायचा, माणसं कुठे आहेत म्हणून. मी सांगायचो, पोलिसांची बंदी आहे. त्यापुढे त्याला बोलायला जागाच नसायची.

कोलवाळच्या उतारावर मला तेच हवं होतं. बोर्डाने माझ्या बाजूने बोलायला हवं होतं. मी एकटा माझ्या हिमतीवर पन्नासने चालवायचं आणि भाड्याची बोलणी खायची, हे किती दिवस चालणार?

तर प्रश्न असा. हवामान बघून, गर्दी बघून वेगमर्यादा बदलण्याची पद्धत जगात आणखी कुठे आहे, ती कशी चालते, आणि आपल्याकडे, निदान पावसाळ्यापुरती, ती का आणता येऊ नये? कायद्यात बसतं का?

थेम्सकाठचा डिचोलीकर

भाऊ, मी मूळचा डिचोलीचा, गेली सतरा वर्षं इंग्लंडमध्ये वाहतूक अभियंता म्हणून काम करतो. टायरचा आवाज बंद होण्याचं तुमचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. टायरच्या खाचांतून पाणी बाहेर पडायला जो वेळ लागतो, तो जास्त वेगात मिळत नाही. मग पाण्याचा थर टायरला उचलून धरतो. तुम्ही ब्रेक दाबला नाही म्हणून वाचलात.

इथलं सांगतो. लंडनला वळसा घालणारा एम-२५ रस्ता आहे. त्याच्या पश्चिमेकडच्या टप्प्यावर १९९५ मध्ये बदलती वेगमर्यादा सुरू झाली. डांबरात तारेची वेटोळी पुरलेली असतात, साधारण दर पाचशे मीटरवर. वरून गाडी गेली की मोजली जाते, तिचा वेगही कळतो. रस्त्यावर आडव्या कमानी आहेत आणि प्रत्येक लेनच्या डोक्यावर आकडा. एरवी मर्यादा ताशी ७० मैल, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटर. सुरुवातीच्या आखणीत एका लेनमधून तासाला १६५० च्या वर गाड्या जाऊ लागल्या की आकडा ६० व्हायचा, २०५० च्या वर गेल्या की ५०. पुढे कुठे गाड्या थबकल्या असतील तर मागच्या कमानींवर ४०, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटर.

लोकांना वाटतं, वेग कमी केला तर गर्दी वाढणार. होतं उलट. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला होता, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या, सगळ्यांना सांगितलं ताशी ३० किलोमीटरने चालवा. ना सिग्नल, ना वळण, ना खड्डा. तरी थोड्याच वेळात एकाने जरा ब्रेक लावला, मागच्याने जरा जास्त लावला, त्याच्या मागच्याने आणखी, आणि कोंडी तयार झाली. ती कोंडी गाड्यांच्या उलट दिशेने मागे मागे सरकत राहिली. हायवेवर तुम्हाला कारण न दिसता जी गर्दी लागते, ती बहुतेक अशीच असते. सगळे ताशी ८० किलोमीटरने सारखे चालले तर कोणी पुढे घुसत नाही, कोणी कचकन ब्रेक मारत नाही, आणि ही लाट उठतच नाही.

एक बारकावा महत्त्वाचा. इथे आकड्याभोवती लाल कडं असेल तर तो कायदा, कॅमेरा दंड करतो. कडं नसेल तर तो फक्त सल्ला. लोक कडं बघून पाय उचलतात. आणि आकडा खरा असावा लागतो. पुढची कोंडी सुटून गेली तरी कमान ४० च दाखवत राहिली, तर दुसऱ्या दिवशी तिच्याकडे कोणी बघत नाही. मी स्वतः पाहिलं आहे: विश्वास एकदा गेला की परत मिळवायला फार दिवस लागतात.

पण तुमचा प्रश्न पावसाचा आहे, आणि त्याला एवढी यंत्रणा लागतच नाही. फ्रान्समध्ये मोटरवेवर कोरड्यात ताशी १३० किलोमीटर, पाऊस पडत असेल तर ११०. इटलीतही तेच आकडे. धुक्यात पन्नास मीटरच्या पलीकडचं दिसत नसेल तर फ्रान्समध्ये सगळीकडे ५०. नियमच तसा आहे, बोर्ड बदलायची गरज नाही. फिनलंडमध्ये हिवाळा आला की बऱ्याच रस्त्यांवर १२० चे १०० आणि १०० चे ८० होतात. नेदरलँड्समध्ये तर कारण वेगळंच, गाड्यांच्या धुरातली नायट्रोजनची संयुगं: मार्च २०२० पासून बहुतेक मोटरवेंवर दिवसा १०० च्या वर जाता येत नाही.

रोजची वेर्णा

दादा, मी म्हापशाहून वेर्ण्याला रोज कारने जाते, नऊ वर्षं झाली. तुमचं सगळं पटलं, पण मला काळजी वेगळी आहे.

तुम्ही पन्नासला आलात तेव्हा तुमच्या मागचा किती वर होता? मी पावसात वेग कमी करते तेव्हा आरशात मागची गाडी मोठी मोठी होत येताना दिसते, मग डिपर, मग हॉर्न, मग डावीकडून घुसून पुढे. एकटीने नियम पाळणं म्हणजे मागून ठोकर खायची तयारी. म्हणून आकडा सगळ्यांसाठी बदलला पाहिजे आणि न पाळणाऱ्याला चलन गेलं पाहिजे. नाहीतर पाळणाराच मरतो.

दुसरं, आहेत ते बोर्ड आधी दिसू देत. आगशीच्या अलीकडे एक वेगमर्यादेचा बोर्ड आहे. जूनमध्ये त्याच्या खांबावर वेल चढायला लागतो आणि गणपतीपर्यंत अर्धा आकडा झाकतो. ८० मधलं शून्य तेवढं दिसतं. दरवर्षी. मी दोनदा गाडी बाजूला घेऊन छत्री घेऊन उतरले आणि वेल ओढून काढला. तिसऱ्यांदा हिंमत झाली नाही, गाड्या इतक्या जवळून जातात.

तिसरं, रांगेचं शेपूट. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून सकाळची रांग कधी कुठपर्यंत पोचेल याचा नेम नाही. कधी गिरीच्या शेतांच्याही मागे. शंभर पावलं आधी रस्ता मोकळा असतो आणि पुढे एकदम लाल दिवेच लाल दिवे. एका सकाळी माझ्या पुढच्या स्कूटरवाल्या मुलाने ब्रेक मारला आणि तो ओल्या रस्त्यावर माझ्या बंपरपर्यंत घसरत आला. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मी मात्र कामावर पोचल्यावर अर्धा तास गाडीतच बसून होते. डिचोलीकर म्हणतात तसं मागच्या कमानीवर '४०' असतं, तर तो मुलगा आणि मी दोघंही आधीच हळू झालो असतो. माझ्या मते पावसाच्या आकड्याइतकीच ही रांगेची आगाऊ सूचना गरजेची आहे.

निवृत्त, फोंडा

रस्त्याच्या खात्यात एकतीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे कायद्याचा प्रश्न मी घेतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२. केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा आहेच. चौपदरी, दुभाजक असलेल्या रस्त्यावर कारला ती ताशी १०० आहे, २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात राज्य सरकारला अधिकार दिला आहे: सार्वजनिक सुरक्षितता, सोय, किंवा त्या रस्त्याचं वा पुलाचं स्वरूप बघून राजपत्रात अधिसूचना काढून आणि योग्य फलक लावून मर्यादा खाली आणता येते. पुढचं परंतुक, म्हणजे 'मात्र' म्हणून जोडलेली सूट, तर फार कमी लोकांना ठाऊक आहे. बंधन एक महिन्याहून जास्त काळासाठी नसेल, तर राजपत्रातल्या अधिसूचनेची गरज नाही. म्हणजे जानेवारीत मोप्याच्या पठारावर पहाटे धुकं पडतं, तेवढ्या दिवसांसाठी मर्यादा घालायची असेल तर कागदपत्रांची अडचण अगदीच थोडी. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी मात्र अधिसूचना लागेल.

आणि हे देशात झालेलं आहे. ग्रेटर नोएडा ते आग्रा हा १६५ किलोमीटरचा यमुना एक्सप्रेसवे घ्या. तिथे धुक्यामुळे १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी मर्यादा उतरवतात, कारला १०० वरून ७५ आणि जड वाहनांना ८० वरून ६०. तिथे धुक्यासाठी होतं, मग इथे पावसासाठी का नको?

टॅक्सीवाले भाऊ, तुम्हाला भाड्याला सांगायला एक हिशेब देतो. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, आणि ओल्या रस्त्याची पकड कोरड्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. ८० ने जाणारी गाडी थांबायला साधारण ९६ मीटर लागतात. ५० ने जाणारीला ४५. तुमच्यासमोर त्या दिवशी किती मीटर दिसत होतं ते तुम्हीच आठवा.

मला एकच अडचण दिसते. 'पाऊस पडत असताना ५०' असा फलक लावला, तर पाऊस म्हणजे नेमका किती? चार थेंब पडले की चलन, असं झालं तर लोक कोर्टात जातील आणि जिंकतील.

थेम्सकाठचा डिचोलीकर

काका, हा प्रश्न जर्मनीत कोर्टापर्यंत गेलेला आहे. तिथे आकड्याखाली 'रस्ता ओला असताना' अशी पट्टी लावलेले फलक जागोजागी आहेत. कोर्टाने ठरवलं की रस्ता नुसता दमट असून भागत नाही, संपूर्ण रस्त्यावर पाण्याचा थर दिसला पाहिजे. एखाद्या चाकोरीत साचलेलं पाणी धरत नाहीत. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत दुसऱ्या बाबतीत सोपी खूण वापरतात: वायपर चालू तर हेडलाइट चालू, असा कायदाच आहे. आपल्याकडे फलकावर वायपरचं चित्र काढून खाली आकडा दिला, तर वाचता न येणाऱ्यालाही कळेल.

सत्तरीचा सोहम

हे सगळं मोबाइलच्या नकाशावर दाखवता नाही का येणार? पाऊस सुरू झाला की आवाज येईल, वेग कमी करा. बोर्डांचा खर्चच नको.

रोजची वेर्णा

सोहम, चोर्ला घाटात तुझ्या मोबाइलला किती रेंज असते ते आठव. आणि कॅमेऱ्याला चलन काढायचं तर बोर्डावर आकडा लागतोच. आवाज ऐकू आला नाही म्हणणाऱ्याला तू काय करणार?

मोपा-मडगाव टॅक्सी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर देता आलं नाही, भाडी होती. पण रात्री घरी आल्यावर सगळं बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढं कळलंय तर आता लिहून द्या कोणाला तरी.

काकांनी मीटरचा हिशेब दिला तो वहीत उतरवून डॅशबोर्डला लावला आहे. काल परत पाऊस होता, परत एका ताईंनी विचारलं, एवढं हळू का. मी कागदावर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं, खिडकीबाहेर बघितलं आणि सीटबेल्ट घट्ट केला. मग मुलीलाही लावायला सांगितला. म्हणजे लोकांना समजून घ्यायचं असतं, पण समोर लिहिलेलं काहीतरी लागतं. माझ्या तोंडचं पन्नास आणि कागदावरचं पन्नास यात एवढा फरक पडतो. मग सरकारी बोर्डावरच्या आकड्याने किती पडेल?

काका, तुम्ही सांगितलेल्या कलमाचा आधार घेऊन अर्ज लिहायला घेतला आहे. येत्या रविवारी आमच्या पंचायतीची ग्रामसभा आहे, तिथे ठराव मांडतो आणि ठरावाची प्रत जोडून तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे नेतो. सगळ्या हायवेचं एकदम मागत नाही. तीनच जागा मागतो. धारगळहून कोलवाळ पुलाकडचा उतार, पावसाळ्यात, पाऊस पडत असताना ५०, वायपरच्या चित्रासह. मोप्याचा जोडरस्ता, धुक्याच्या दिवसांत पहाटे. आणि पर्वरीचं काम संपेपर्यंत गिरीच्या आधी एक चाकांवरचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, रांग कुठपर्यंत आली आहे ते बघून आकडा बदलणारा. कामाच्या ठिकाणी असे ट्रॉलीवरचे बोर्ड मी तिकडे पाहिले आहेत, कायमची कमान उभारायची गरज नाही. उताराच्या अर्जात आणखी एक ओळ घालतो, की डोंगराकडचं गटार पावसाआधी साफ व्हावं. पाणी रस्त्यावर आलं नाही तर निम्मं काम तिथेच झालं.

मसुदा उद्या रात्री इथे टाकतो. काका, कलमाचे शब्द तेवढे तपासून द्या, माझी सरकारी भाषा कच्ची आहे. डिचोलीकर, जर्मनीतल्या त्या कोर्टाचं दोन ओळींत लिहून दिलंत तर शंका काढणाऱ्याला दाखवता येईल.

आणि वेर्ण्याच्या ताई, आगशीच्या त्या बोर्डाजवळचा किलोमीटरचा दगड कितवा आहे तेवढं सांगा. सोमवारी सकाळी मडगावचं भाडं आहे, परतताना गाडी रिकामी असते. कोयता सोबत घेतो आणि भावाला लाल कापड घेऊन मागे उभा करतो. तुम्ही मात्र पुन्हा एकटीने उतरू नका.